तांदळाच्या गोणीवर चालणारी दीपनौका

घरगुती गणपतीच्या देखाव्याला ओमानमधलं आमचं मराठी मंडळ दरवर्षी चषक देतं. म्हणजे बौशरच्या प्रतापला देतं. प्रताप थर्माकोलचं देऊळ करतो, दरवर्षी कळस थोडा उंच करतो आणि चषक घेऊन जातो. सीबच्या एकनाथ सुर्व्यांचा दुसरा नंबर ठरलेला. दुसऱ्या नंबराला भिंतीवरचं घड्याळ मिळतं. त्यांच्या घरात इतकी घड्याळं झाली होती की कलावतीवहिनी म्हणायच्या, "वेळ भरपूर आहे आमच्याकडे. चषक तेवढा नाही."

२०१४ साली एकनाथने ठरवलं, या वर्षी चषक घरात आणायचाच. तो सोहारच्या बंदरात क्रेन मेकॅनिक, मूळचा रत्नागिरीकडचा. त्याने पोर्चमधली गाडी रस्त्यावर काढली आणि तिथे प्लायवूडची दीपनौका उभी केली. दीपनौका म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं तरंगतं दीपगृह. जिथे मनोरा बांधता येत नाही तिथे जहाजच नांगर टाकून उभं करायचं, डोलकाठीवर दिवा लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना वाट दाखवायची. स्वतः मात्र कुठेही जायचं नाही. आखातात नोकरी करणाऱ्याला ही कल्पना फार समजावून सांगावी लागत नाही.

नौकेच्या मधोमध बाप्पा. डोलकाठीवर ट्रकचा हेडलाइट, त्याभोवती खाचा पाडलेला पत्र्याचा डबा. डबा फिरला की दिवा उघडझाप करणार, दोन झटपट आणि एक लांब. दिव्याची अशी आपली खूण असली की खलाशाला कळतं, आपण कुठे आलो. डबा फिरवायला मोटर लावायला एकनाथ तयार नव्हता. त्या काळी वजन टांगायचे, ते खाली येताना यंत्र फिरायचं आणि रखवालदार वजन पुन्हा वर ओढायचा. एकनाथने वजन म्हणून बासमतीची गोणी टांगली. परीक्षक म्हणून मला हे आधी माहीत असायला नको होतं, पण सीबमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं.

दुसरा परीक्षक आशुतोष. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, ओमानमध्ये नवा, कॉलेजात एकांकिका केलेला आणि त्यातून पुरता बरा न झालेला.

आमच्याकडे पत्त्यावरून कुणी पोचत नाही, खूण लागते. एकनाथचा निरोप होता, 'सूक ओलांडा, मग दिवा बघून या.' आम्ही सूक, म्हणजे बाजार, ओलांडला. एका घरावर गच्चीपासून फाटकापर्यंत हिरवे-पांढरे दिवे उघडझाप करत होते.

"दोन झटपट, एक लांब?" मी विचारलं.

"सगळेच झटपट आहेत," आशुतोष म्हणाला. "पण मेहनत दिसते."

आत अंगणभर पुरुषमंडळी पांढरे पायघोळ डिशडाशा घालून बसली होती. "गर्दीही चांगली जमवलीय," आशुतोष पुटपुटला. बाप्पा कुठे, हे विचारायच्या आत आमच्या हातात कहवा आला. एकनाथचा शेजारी नासर याच्या मुलाचं ते लग्न होतं. कहवा पुरे झाला की रिकामा पेला हलवायचा असतो. आशुतोष तो सभ्यपणे पुढे धरायचा आणि तो तितक्याच सभ्यपणे भरला जायचा.

शेवटी मी एकनाथला फोन केला.

"माझा दिवा दिसला नाही?"

"शेजारचा जास्त दिसला."

एकनाथ धावत आला. अंगात रेशमी कुर्ता, डोक्यावर कप्तानाची टोपी. नासरने त्याला मिठी मारली.

"नासरभाई, ये दोनों मेरे मेहमान..."

"मेहमान को जाने दो. तुम पड़ोसी. तुम खाना खाके जाएगा. यल्ला, बैठो."

"आज हमारा चतुर्थी है. गोश्त नहीं चलेगा."

इथे एकनाथ फसला. नासर आतल्या माणसाकडे वळून म्हणाला, "इसके लिए सब्ज़ी बनाओ." म्हणजे आता भाजी चिरण्यापासून सुरुवात. आम्ही पेले हलवले आणि निसटलो. खडकावर चढलेलं जहाज जाणाऱ्या होड्यांकडे बघतं तसा एकनाथ आमच्याकडे बघत होता.

पोर्चमध्ये कलावतीवहिनी पैठणीचा पदर खोचून, पिठाच्या हातांनी गोणीची दोरी ओढत होत्या. पाठमोऱ्या. बोलणं थेट बाप्पाशी चाललं होतं.

"दिवा विझता कामा नये म्हणाले, आणि स्वतः बसले लग्नात जेवायला. दीपनौका जागा सोडत नाही म्हणे. नौका नाही सोडत, कप्तान सोडतो. तिकडे मोदक फुटतायत. तुला मोदक हवेत की उजेड, एकदा ठरव बाबा."

आशुतोषने माझं कोपर घट्ट धरलं. "सजीव देखावा," तो कुजबुजला आणि टाळ्या वाजवायला लागला.

वहिनी वळल्या. "आलात होय? बरं झालं. ही दोरी धरा, मी गॅस बंद करून येते."

"प्रेक्षकांनाही सामील करून घेतलंय," आशुतोष गहिवरून म्हणाला आणि त्याने दोरी धरली. गोणी दाणकन खाली आली. दिवा एकदा झटपट चमकला आणि थांबला.

"अहो, ओढा की," वहिनी आतून म्हणाल्या. "बँकेत पंख्याखाली बसल्यासारखे काय उभे राहिलात. सोहारची जहाजं दुबईला जातील तुमच्यामुळे."

त्या मोदक घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, काय अभिनय केलात."

"कसला अभिनय. पाठ मोडली माझी."

आशुतोष माझ्या कानाशी लागला. "बघा, अजून भूमिकेतच आहेत."

मोदक फुटले होते, तरी उत्तम होते. मी तिसरा घेतला आणि मतभेद दाखवायचं कारण उरलं नाही.

आम्ही निघताना एकनाथ आला, लोबानाचा वास आणि हातात ओमानी हलव्याचा डबा घेऊन. "नौका कशी वाटली?"

"नौका ठीक," आशुतोष म्हणाला. "रखवालदार अप्रतिम."

अनंत चतुर्दशीला निकाल लागला. सजीव देखावा असा विभाग मंडळात नव्हता, तो नव्याने काढला, आणि चषक एकच असल्यामुळे तो तिकडे गेला. त्यावर नाव कोरलं, सौ. कलावती एकनाथ सुर्वे. प्रतापला घड्याळ मिळालं. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. पहिल्यांदाच पाहत होता.

परवा सीबला गेलो होतो. चषक घड्याळांच्या मधोमध आहे आणि एकनाथला तो शुक्रवारी पुसायची परवानगी आहे.

"चषक घरात आला की नाही?" तो मला म्हणाला.

"आला ना," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पुसून झाला की नाव पुढे करून ठेवा. मागच्या वेळी भिंतीकडे तोंड करून ठेवला होतात."