घासलेला डबा

जाईबाई म्हणजे चिंधीचं सोनं करणारी बाई. अकोटजवळच्या खेड्यात ती लोकांच्या कपाशीत मजुरीला जायची. फवारणीच्या विषारी औषधाचा रिकामा डबा बांधावर पडलेला दिसला, तो तिनं घरी आणून राख-चिंचेनं घासघासून आरशासारखा केला. मग हुंगून लेकीला, भागीरथाला, म्हणाली, "वास गेला म्हंजे इख गेलं."

बाळंतपण आटोपून भागीरथा अंजनगावला सासरी निघाली, तेव्हा जाईबाईनं बाळाच्या मालिशीसाठी त्याच डब्यात तिळाचं तेल भरून दिलं. मायलेकरं सकाळच्या मोटारीनं गेली.

दुपारी ग्रामसेवक देवीदास टिकाव घेऊन चावडीपुढे उभा राहिला. दिल्लीहून हुकूम होता, औषधाचे रिकामे डबे फोडून पुरून टाका. बाया डबे घेऊन आल्या. कुणाच्यात मीठ होतं, कुणाच्यात डाळ. जाईबाईचा जीव जळला. हुकूम काढणाऱ्यांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"परवा रेडिओत सांगे, काटकसर करा, काई फेकू नोका," ती म्हणाली. "आता चांगले डबे फोडून राहिले. गरिबानं दानापानी कायच्यात ठेवाव?"

"जाईबाई, पलीकडच्या गावात अशाच घासलेल्या डब्यातलं तेल खाऊन दोघं गेले," देवीदास म्हणाला. "पत्र्याच्या सांदीत इख रायते. वास येत नाई."

"आन् तेल आंगाले लावलं त?"

"तरी भिनते. लहान्या पोराले त लवकरच."

जाईबाई पुढचं ऐकायला थांबलीच नाही. मिळेल त्या मोटारीनं अंजनगावला पोचली, तेव्हा दिवे लागले होते. वाटभर ती स्वतःला शिव्या देत होती. काटकसरीचा तोरा मिरवला, आता फळं भोग.

विहीण पार्वताबाई दारातच हसून म्हणाली, "या ईनबाई. तुमचं तेल लय गुनाचं हाय. आल्या आल्या रडून घर डोक्यावर घेतलं लेकरानं, मालिश केली तसं झोपलं. अजून उठलं नाई."

जाईबाईनं धावत जाऊन पाळण्यातून बाळ उचललं. मान लुळी पडली. श्वास होता, अगदी बारीक.

"भागीरथे, दवाखाना कुठी हाय?" ती ओरडली, आणि सवयीनं तिनं बाळाचं अंग हुंगलं. नुसता तिळाच्या तेलाचा चांगला वास येत होता.