तापल्या बाजूचं गंध

खंडेनवमीला यंत्रांना गंध-फूल वाहायचं नाही, तर मग कधी वाहायचं? मी शिवदास, साखळीच्या कॉलेजात वीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळतो. लेथपासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना माझ्या हातचं गंध लागतं.

आमच्या प्राध्यापक सुलोचनाबाय पेडण्याच्या. खाणीच्या ट्रकांच्या सायलेन्सरमधून ऊब फुकट जाते, तिच्यातून वीज काढणारी वडी बनवायचं त्यांना वेड. गोवा राज्य झालं त्या वर्षापासूनचं, म्हणजे आठ वर्षांचं! वडीची एक बाजू तापवायची, दुसरी गार ठेवायची आणि दोन्हींतल्या फरकाच्या दर अंशामागे किती वीज निघते ते मोजायचं. आठ वर्षं आकडा हलेना. शेवटी वरून पत्र आलं, दिवाळीनंतर प्रकल्प बंद. आणि दसरा झाल्यावर आकडा एकदम दीडपट! बेंगळुरूच्या परिषदेनं बायना बोलावलं. आज दुपारची बस होती.

सकाळी यंत्र पुसायला घेतलं, तर काय! तापल्या बाजूचं तापमान सांगणाऱ्या तारेच्या टोकावर माझंच गंध, करपून कडक झालेलं. मधे खपली असल्यावर तार खरी ऊब सांगणार कशी? फरक कमी दिसला, म्हणून दर अंशामागची वीज जास्त वाटली. देवा रे! पाच वेळा व्हरांड्यात गेलो, पाच वेळा परत आलो. गप्प बसलो तर प्रकल्प वाचतो, बोललो तर बायची आठ वर्षं पाण्यात.

बाय बॅग घेऊनच आल्या. मी एका दमात सगळं ओकून टाकलं.

"ठाऊक आहे, शिवदासबाब," त्या खाली बघत म्हणाल्या. "चार दिवसांमागेच दिसलं. पुसायला हात उठला नाही."

माझं डोकंच फिरलं. "शरम नाही वाटत, बाय? आकडा मनासारखा आला की दहादा मोजायचा, असं मला कोणी शिकवलं?" ओरडता ओरडता मलाच रडू फुटलं.

त्यांनी बॅग खाली ठेवली. ब्लेडनं खपली खरवडली, हीटर लावला. तासभर आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. आकडा जुन्या जागी आला आणि तिथंच बसला.

बायनी ऑफिसातून बेंगळुरूला फोन लावला. मी दारात उभा. आता माझं नाव निघणार, वीस वर्षांची नोकरी गेली म्हणायची.

"चूक माझीच," त्या फोनवर म्हणाल्या. "मोजण्याआधी तार मी पुसली नव्हती."