पायाकडचा दोर

स्कॉटलंडनं वेगळा देश व्हायचं का, या सार्वमताचा कौल 'नाही' असा लागला, त्या सकाळी मर्डोनं कुंपणावरून थोरल्या भावाला हाक मारली. "काय टॉर्किल, तुझा नवा देश कुठं ठेवलास? गोठ्यात की माळ्यावर?"

टॉर्किलनं दारावरचा झेंडा उतरवला, त्याची घडी केली आणि आत गेला. खरं तर उन्हाळाभर चेष्टा करत होता तो टॉर्किलच. मेंढरांना खूण करायच्या निळ्या रंगानं त्यानं मर्डोच्याच मेंढ्याच्या पाठीवर भलंमोठं 'हो' रंगवलं होतं, आणि मर्डो पडला 'नाही'वाला! मर्डोनं फक्त उट्टं काढलं. पण जिंकलेल्यानं हरलेल्याला डिवचू नये, एवढी अक्कल साठी उलटलेल्या माणसाला असायला हवी होती.

पुढच्याच आठवड्यात टॉर्किल हृदयविकारानं गेला. त्या सकाळनंतर भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

त्यांच्या बेटावर शवपेटी कबरीत उतरवतात ती आपल्या माणसांनी, दोर धरून. कुणी कुठला दोर धरायचा, ते घरचे ठरवतात. उशाकडचा पोटच्या पोराचा, पायाकडचा त्याखालोखाल जवळच्याचा. ज्याला दोर मिळत नाही, त्याच्याबद्दल गाव काय समजायचं ते समजतं. आपल्याला तो मिळणार नाही, हे मर्डोनं मनाशी धरूनच ठेवलं होतं, आणि तेच त्याला खात होतं.

पेगीवहिनी स्वतः आली.

"पायाकडचा दोर तुझा," ती म्हणाली.

"नको वहिनी. किर्स्टी माझं तोंड बघायला तयार नाही. काकानं बाबाला मारलं म्हणते पोरगी."

"दुःखात माणूस काहीही बोलतं. तुझ्या टोमण्यानं मरण्याइतका लेचापेचा नव्हता तो."

"आणि लोक?"

"लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? मेल्यावर वैर संपतं, मर्डो. काळा कोट घासून ठेव."

समुद्राकाठच्या दफनभूमीत वारा कुणाला धड उभं राहू देत नव्हता. उशाकडे किर्स्टी, पायाकडे मर्डो. तिनं मान वर केली नाही. प्रार्थना संपली, पेटीखालच्या फळ्या काढल्या आणि भावाचं वजन मर्डोच्या हातात आलं. बाकीचे दोर सैल सोडू लागले. मर्डोची बोटं काही उघडेनात. पेटीची उशाकडची बाजू खाली गेली, पायाकडची वरच राहिली. कुणीतरी खाकरलं.

"काका," किर्स्टी म्हणाली. "दोर सोडा हळूहळू. बाबा तिरपे होतायत."

"मला नाही जमत गं."

"मला तरी कुठं जमतंय! माझ्याकडं बघा. मी सोडते तेवढाच सोडा."

मर्डोनं बघितलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं वीतभर सोडला की तो वीतभर सोडी. असं करत दोघांनी टॉर्किलला खाली पोचवलं.