ढिगाऱ्यातली गंगा

"बोला, गंगामाई की जय!"

वैशाखातलं ऊन, गावात टँकर आठवड्याला एक, आणि आमच्या दगडखाणीतून उपसून टाकलेल्या माती-मुरमाच्या ढिगाऱ्यातून पाणी पाझरत होतं! शहरातल्या जुळे सोलापूर भागातले शिकलेले लोकसुद्धा बाटल्या घेऊन आले होते. निंगप्पा महाराज हात नाचवत होते. "वरनं एक घागर वाहा, आई खालनं दुप्पट देईल! गुडघं धरल्यालं सुटतील, मेंढरांची रोगराई जाईल!" घरी तांब्या-तांब्या मोजून पाणी वापरणाऱ्या बाया चाळीस फूट चढून घागरी ओतत होत्या. मी गावचा मास्तर. ओरडून घसा बसला, पण ऐकतो कोण?

त्यात भर म्हणून महाराजांनी खाली पाझराच्या तोंडावर सिमेंटचा कट्टा बांधला. दोन दिवसांत पाझर थांबला, ढिगाऱ्याचं पोट पुढं आलं, कट्ट्याला भेगा पडल्या.

"आई गरोदर हाय!" महाराज म्हणाले, आणि लोकांनी हात जोडले. काय म्हणायचं आता?

कट्ट्यासमोरच मायाक्काचं खोपट होतं, साठ मेंढरांचा वाडा होता.

"मायाक्का, आजच हल इथून," मी म्हणालो.

"देवीच्या दारातनं कुटं जाऊ, मास्तर?"

मी तिला ढिगाऱ्यामागं नेलं. तिथं खाणवाल्यांचा पाइप खाणीच्या खड्ड्यातलं पाणी ढिगावर ओतत होता. इतके दिवस लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की पाझर आटायचा, आणि पाझर आटला की महाराजांचं मौनव्रत! मग घमेल्यात मुरूम घेतला. "थोडं पाणी घाल. लाडू वळतो ना? आता आणखी घाल." लाडूचा चिखल होऊन बोटांतून सांडला. "ढिगाऱ्याचं तेच होतंय. पाण्याची वाट कट्ट्यानं बुजवली, ते आत तुंबून दाब देतंय. खड्यानं खड्याला धरलेलं सुटलं की सगळा ढीग खाली येणार."

 संध्याकाळी मायाक्कानं सामानासकट मेंढरं माळावर हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे देवळात महाप्रसादाला बसलेले असताना अर्धा ढिगारा घसरला. कट्टा, खोपट, वाडा, सगळं गाडलं गेलं.

"बघा! माझ्या शब्दाखातर आईनं माणसं राखली!" महाराज लगेच ओरडले. "आता शांतीसाठी उरलेल्या ढिगावर एकशे एक घागरी!"

आणि लोक घागरी आणायला निघाले हो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मायाक्का पुढं आली. "न्हाय महाराज. आई मला सांगाय आली न्हवती. मास्तर आलं, घमेलं घेऊन." तिनं डोक्यावरची घागर तशीच माळावर नेली आणि मेंढरांपुढं ओतली. तिच्यामागं तिघी वळल्या. बाकीचे चढतच होते.

बाबांनो, त्या तिघींसारखं वळा. ढिगावर पाणी ओतू नका, पाझराची वाट बुजवू नका. आणि ढिगाचं पोट सुटलेलं दिसलं तर हात जोडत बसू नका, आधी पाय उचला.