गोठ्यात टांगलेली नमुन्याची बाटली

मी बोलतेय, बोटभर उंचीची, पांढऱ्या झाकणाची बाटली. माझ्या पोटात औषधी पाणी आहे आणि त्यात पंचफुलाबाईंच्या गर्भपिशवीतून खरवडून काढलेले तुकडे. चिठ्ठीवर त्यांचं नाव आहे, वय छप्पन्न.

पाळी जाऊन सहा वर्षं झालेली आणि बाईंना पुन्हा रक्त जायला लागलं. चार महिने त्यांनी कोणाला सांगितलं नाही. शेवटी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा देवळीच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरबाईंनी भूल देऊन पिशवी साफ केली आणि मला त्यांचे यजमान रूपराव यांच्या हाती दिलं. "आजच वर्ध्याच्या लॅबमध्ये द्या. कॅन्सर आहे की नाही, ते यातूनच कळेल."

रूपरावांनी मान डोलावली आणि मला रुमालानं, दोन बोटांत धरलं. मी काय चावणार होते?

घरी आल्यावर मात्र ते दारातच थांबले. "देवाचं घर हाय. हा इटाळ आत नोको." मग मला प्लास्टिकच्या पन्नीत घालून गोठ्यातल्या खुंटीला टांगलं. "उद्या नेतो वर्ध्याले."

तो उद्या काही उगवला नाही. आधी सोयाबीनची सोंगणी, मग पाहुणे. दवाखान्यातून दोनदा फोन आला. "देऊ न, देऊ," म्हणाले आणि फोन ठेवून म्हणाले, "रक्त थांबलं न? मंग काय घाई हाय?" माणसं दुखणं दिसेनासं झालं की ते संपलं असं धरतात. मला राग यायचा. तीन आठवडे म्हशीशिवाय माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. फार एकटं वाटलं.

परवा सकाळी पंचफुलाबाई शेण काढायला आल्या आणि मध्येच खाली बसल्या. लुगडं पुन्हा रक्तानं भिजलं होतं. गोठ्यातल्याच बादलीत त्यांनी ते गुपचूप धुतलं आणि म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडल्या. घरात चार माणसं असून ही बाई रडायला गोठ्यात येते, हे पाहून मला माझं एकटेपण सांगायची लाज वाटली.

आज त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि सरळ घरात नेलं. रूपराव ओरडले, "अवं, ते आत काऊन आणलं?"

"माह्याच अंगातलं हाय. माह्या हातचं जेवता, मंग हे काऊन नाई चालत?"

त्यांनी चपला घातल्या. रूपरावांचा आवाज खाली आला. "एकटीच जाशीन?"

"आजपावतर एकटीच होतो न जी."

आता मी एसटीत, त्यांच्या मांडीवरच्या थैलीत आहे. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलंय. औषधी पाण्यात तुकडे टिकतात. ते काय सांगतील, मला ठाऊक नाही. थोड्या वेळानं लॅबच्या खिडकीत आमची ताटातूट होईल. रिपोर्ट घ्यायला बाईंना पुन्हा यावं लागेल. तेव्हा तेवढं त्यांच्या शेजारच्या सीटवर कोणीतरी बसा हो.