दोघींना सारखी शिक्षा

पंच म्हणून मॅटवर उभं राहिलं की दोन गोष्टी हमखास मिळतात, घाम आणि शिव्या. दोन्हींची मला सवय आहे. पण त्या मे महिन्यात बीडच्या मैदानावर दोन मुलींनी मला एकाच वेळी ढकललं, तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की मनिषा, आता पुरे. दुसरा विचार मनगटाचा होता, कारण ते माझ्याच अंगाखाली सापडून मोडलं होतं.

झालं होतं ते एवढंच. महिलांच्या कबड्डी लीगचा सामना होता. रोहिणी चढाईला गेली, तिनं पायानं स्वप्नालीला शिवलं आणि मध्यरेषेकडं परत फिरली. स्वप्नालीनं मागून तिची वेणी धरून ओढली. मी शिट्टी तोंडाला लावेपर्यंत रोहिणीनं वळून तिला एक सणसणीत ठेवून दिली होती. मी मध्ये पडले आणि दोघींनी मला बाजूला सारलं, एकीनं डावीकडून, दुसरीनं उजवीकडून. अहवालात मी तसंच लिहिलं, डाव्या हातानं, कोंबडीचे पाय उमटावेत तशा अक्षरात. कुणाचं कमी नाही, कुणाचं जास्त नाही. दोघींना लाल कार्ड.

टीव्हीवरच्या क्रिकेटवाल्यांनी पंचावर डोळे वटारले तर त्यांच्या मानधनातून काही कापतात आणि संध्याकाळी ते जाहिरातीत दात दाखवत असतात. आमच्या कबड्डीत तसं नसतं. आमच्याकडं चौकशी समिती बसते, चहा येतो, आणि मग पोरीच्या आयुष्याचं काय ते ठरतं.

या दोघी हौशी नव्हत्या, खेळून पगार घेणाऱ्या होत्या. रोहिणी नांदूरघाटची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, आणि पुण्याच्या एका कंपनीच्या संघात करारावर. तिच्या लाल कार्डाची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात आली, फोटोसकट. मथळा होता, ‘खेळाडूची पंचाला मारहाण’. स्वप्नालीचं नाव खाली कुठंतरी बारीक अक्षरात होतं. कारण स्वप्नाली म्हणजे आमच्या संघटनेचे अध्यक्ष विठ्ठलराव यांची सख्खी पुतणी. शेतीवाडी, पेट्रोल पंप, आणि निवडणूक आली की वाड्यावस्त्यांवर ज्यांच्या शब्दावर मतं फिरतात, ते विठ्ठलराव.

साहजिकच सगळे म्हणत होते की पुतणी सुटणार आणि ऊस तोडणाऱ्याची पोर अडकणार. मीही तेच धरून चालले होते. इतकी वर्षं या जिल्ह्यात शिट्टी वाजवून मला दुसरं काय वाटणार?

चौकशी लागली भाद्रपदात. विठ्ठलरावांना सगळे आबा म्हणतात. आबा खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “ऐका. माझी पुतनी हाय म्हनून तिला एक दिवस बी कमी न्हाई. दोघींनी हात टाकला, दोघींना सारखी शिक्षा. उद्या कुनी बोट दाखवायला नको.”

मी चाटच पडले. नियमाप्रमाणं पंचावर हात टाकला तर वर्षभर बंदी. सचिव तानाजी लिहायला लागले, तेवढ्यात आबांनी त्यांना थांबवलं. “वर्ष लई होतं. पोरी हायत, डोकं फिरतं एखादवेळी. सहा महिने बास. आन् ते बी असे, की कुनाचं नुकसान होऊ नये. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत. सामने सगळे उन्हाळ्यात. हिवाळ्यात नुसती शिबिरं असत्यात. एक बी सामना बुडत न्हाई. शिवाय रोहिणीच्या घरचे दसऱ्यानंतर उसाच्या फडावर जात्यातच. पोरगी मोकळी राहिली तर आई-बापाला हातभार लागंल.”

तानाजींनी मान डोलावली. “आबा, असा निकाल कुनी दिला नसंल.” आबांचा चेहरा उजळला. आणि मी खोटं कशाला बोलू, मलाही निकाल भला वाटला. इतका माणुसकीचा निकाल मी या संघटनेत कधी ऐकला नव्हता.

स्वप्नालीला विचारलं, ती म्हणाली मान्य. रोहिणीला विचारलं. ती मान खाली घालून उभी होती. म्हणाली, “आबा, मला दोन उन्हाळ्याची द्या. पर आत्ता थंडीत नका देऊ. पाडव्यानंतर द्या. उन्हाळ्यातले सगळे सामने बुडाले तरी चालंल.”

“कावून?” आबा म्हणाले. “सामने बुडवून घेतीस, आन् शिबिर पायजे? अगं, मी तुझ्या भल्याचं बघतोय.”

समोर समितीतली तीन पुरुष माणसं आणि दाराशी शिपाई. ती काय बोलणार? मी म्हटलं, “आबा, पोरगी काहीतरी कारण असल्याशिवाय मागायची नाही. ऐकून तरी घ्या.”

“मॅडम,” आबा हसले, “हात तुमचा मोडला आन् वकिली बी तुमीच तिची करता?”

सगळे हसले. मग शिक्के बसले.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. वाटलं होतं रडत असेल, पण ती भिंतीला टेकून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होती. “बाई, शिबिर हाय म्हनून मी तीन वर्षं फडावर गेले न्हाई,” ती म्हणाली. “शिबिरात ऱ्हायला मिळतं, पगार मिळतो, आईला सांगायला तोंड ऱ्हातं. बंदीत शिबिर बी न्हाई, पगार बी न्हाई, म्हंजी मी घरी. घराला तर कुलूप लागतंय दसऱ्यानंतर. मग मी फडावर. आन् बिनलग्नाची एवढी मोठी पोर कोपीत, दार नसलेल्या खोपटात, कोन ठिवतंय?”

मी याच जिल्ह्यातली. मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडावी, याचाच मला संताप आला. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. कोयता म्हणजे जोडी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी नेणारा मुकादम नाक मुरडतो. म्हणून तर दसऱ्याच्या आधी आमच्याकडं लग्नांची घाई उठते, मुहूर्त असो की नसो. आबांना हे माहीत नव्हतं असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच दारावरून टोळ्या जातात. पण माहीत असणं वेगळं आणि ज्याचं जळतं त्याला कळतं ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी मी आबांकडं गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तेवढं खरं. मग म्हणाले, “मॅडम, आता तिची बंदी बदलली तर स्वप्नालीची बी बदलावी लागंल. न्हाईतर लोक म्हनतील दोघींना दोन न्याय. आन् लगीन काय शिक्षा हाय का? कवातरी व्हायचंच हाय.” वर मला जेवून जा म्हणाले. मी जेवले नाही. त्यानं त्यांचं काय बिघडणार होतं म्हणा.

रविवारी नांदूरघाटची एसटी धरली. प्लास्टर निघालं होतं, पण पिशवी अजून डाव्याच हातात धरावी लागत होती. रोहिणीची आई सुभद्राबाई अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. वडील पंडित बाजेवर, कंबरेला पट्टा बांधून. मला बघून दोघं उठायला लागले, मी बसा म्हटलं आणि आल्या आल्या मुद्द्यावर आले. “सुभद्राबाई, पोरीला पाडव्यापर्यंत माझ्याकडं बीडला राहू द्या. खाईल, व्यायाम करील. मी एकटीच असते.”

सुभद्राबाईंचं सूप थांबलं नाही. “तुमचं मन मोठं हाय, बाई. पर लोकाला काय सांगू? पगार हुता तवर सगळ्या भावकीचं तोंड मी बंद करत आले. ल्योकावानी कमावती म्हनायचे. आता पगार न्हाई. वर पेपरात छापून आलंय, पोरीनं पंचाला मारलं म्हून.”

“मारलं नाही हो. ढकललं. आणि एकटीनं नाही.”

“ते पेपरवाल्याला सांगा, बाई. आमच्या दारात तोच पेपर आलता.” त्या माझ्याकडं बघून कसनुसं हसल्या. “सोयरीक आलीया. अजिनाथ म्हनून पोरगं हाय. दारू न्हाई, तमाकू न्हाई. गेल्या साली त्याची आई त्याच्यासंगं कोयत्याला हुती, आता तिच्यानं व्हत न्हाई. मारकुटी पोर म्हून बाकीचे मागं सरले, ह्यो एकला म्हनला, मला चालती. ही मोडली तर दुसरी यील का?”

मी पंडितकडं पाहिलं. बाप म्हणून त्यांना काही वाटत होतं, ते दिसत होतं. “आबानं लई कमी शिक्षा केली म्हनं,” ते म्हणाले. “त्यांच्या पुतनीला बी तेवढीच केली. त्यात काय बोलावं मानसानं?”

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. या देशात अन्यायाविरुद्ध तरी दोन शब्द बोलता येतात. असल्या न्यायाविरुद्ध कुठं तक्रार करायची, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मला लई थकल्यासारखं झालं.

लग्न मारुतीच्या पाराशेजारी झालं, ट्रक निघायच्या दोन दिवस आधी. रोहिणीचे खांदे चढाई करणाऱ्या मुलीचे, त्या पिवळ्या साडीच्या ब्लाउजात मावत नव्हते. बायका त्यावरून तिची थट्टा करत होत्या आणि ती हसत होती. अजिनाथ किडकिडीत, लाजाळू पोरगा. जेवणाच्या पंगतीत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, पाडव्याला तिला परत खेळू देत्याल न्हवं? मी अडवनार न्हाई.” मला त्या पोराचा रागही धड येईना.

दिवाळीत स्वप्नाली पेढे घेऊन घरी आली. पाया पडली, मनगट हातात घेऊन बघितलं. पोरगी मनानं वाईट नाही, मैदानात मात्र वाघीण. म्हणाली, “मॅडम, मला तर बंदीचा फायदाच झाला बघा. बीडमधेच क्लास लावलाय, पोलीस भरतीचा. काका म्हणाले, रिकामी बसू नको.” मग जरा थांबून म्हणाली, “रोहिणी भेटली तर सांगा, वेणी ओढली ते माझं चुकलं.” मी म्हटलं, भेटली तर सांगते. पेढे चांगले होते, पण ते मी शेजारच्या पोरांना वाटून टाकले.

थंडी सरली. पाडवा आला. संघटनेनं छोटा कार्यक्रम ठेवला. बंदी उठली म्हणून कुणी कार्यक्रम ठेवतं का? आमच्याकडं ठेवतात. राज्य संघटनेचे कुणी आले होते, त्यांनी आबांना शाल दिली. म्हणाले, घरचं माणूस असूनही ज्यानं तराजूचा काटा तसूभर हलू दिला नाही, असा अध्यक्ष आजच्या काळात मिळणं अवघड. टाळ्या झाल्या. स्वप्नाली पुढच्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची तानाजींनी रोहिणीसाठी म्हणून मोकळी ठेवली होती. शेवटी त्यावर कुणीतरी हारांची पाटी ठेवली.

मी बाहेर येऊन रोहिणीला फोन लावला. टोळी निपाणीकडं होती. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिनं उचलला. दम लागलेला होता, चढाई करून आल्यावर लागतो तसाच. मी म्हटलं, “रोहिणी, सुटलीस बाई. बंदी उठली. कंपनीच्या कोचशी बोलणं झालंय माझं. सोमवारपर्यंत पुण्यात हजर झालीस तर जागा तुझीच. नाहीतर दुसरी मुलगी घेणार आहेत. आजच निघ. तिकिटाचं मी बघते.”

पलीकडून पाचट तुडवल्याचा आवाज येत होता.

“बाई, पट्टा पडायला, हंगाम सरायला अजून महिना हाय,” ती म्हणाली. “अवंदा ऊस लई हाय. कारखाना बंद व्हईना.”

“असू दे ना. अजिनाथ अडवणार नाही, त्यानं मला स्वतः सांगितलंय.”

“त्यो अजून बी न्हाई म्हनत न्हाई. सकाळीच म्हनला, जा. म्या बॅग बी भरलती.” तिनं श्वास घेतला. “पर मी गेले की त्यो अर्धा कोयता व्हतो, बाई. मुकादम त्याला उद्याच टोळीतनं काढंल. म्या तुमाला ढकललं, मला शिक्षा झाली, त्यात माजं काई म्हननं न्हाई. त्यानं कुनाला ढकललंय?”

मी शिट्टी वाजवून आयुष्य काढलं. कुणाची चूक, कुणाचा गुण, डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं. त्या पोराला कुठलं कार्ड दाखवायचं? मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आत हॉलमध्ये आभारप्रदर्शन चाललं होतं.

तिला मागून कुणीतरी हाक मारली. “आले, आले,” ती तिकडं ओरडली, आणि मग मला म्हणाली, “ठिवते बाई. गाडी भरायची हाय.”