खंडेनवमीला झोपवलेलं गाणं

तर झालं असं की, खंडेनवमीच्या सकाळी तृप्ती मामाच्या दुकानात शिरली आणि दारातच थबकली. समोर चटईवर सगळी अवजारं ओळीनं मांडलेली. ड्रिल मशीन, पकडी, मिक्सर, दोन जाडजूड अॅम्प्लिफायर. सगळ्यांना हळद-कुंकू, सगळ्यांना झेंडूचा हार. आणि एकदम शेवटी, नवरीसारखा सजवून बसवलेला दुकानाचा कॉम्प्युटर. मॉनिटरला हार, कीबोर्डवर अक्षता. आणि वायर? वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली.

"मामा, हा बंद कोणी केला?"

"मी," रामदासमामा अगरबत्ती ओवाळता ओवाळता म्हणाला. "पहाटे आलो तं बिचारा रातभर जागाच. लाल डोळा मिचकावून राह्यला होता. म्हटलं आज साऱ्या अवजारांची सुट्टी, याला कोण सुट्टी देईन? पिन काढली."

तृप्ती मटकन स्टुलावर बसली.

कारण तो कॉम्प्युटर जागा होता तो उगीच नाही. त्यात रंजिताचं गाणं होतं. रंजिता म्हणजे तृप्तीची मावसबहीण, डोईफोडिया गावची. तापीकाठी राजघाटाच्या मंडळात आज संध्याकाळी देवीचा सजीव देखावा, रंजिता देवी होऊन उभी राहणार आणि मागून तिचंच गाणं वाजणार. गाणं काल या दुकानात रेकॉर्ड झालं, पण मागे पंख्याची घरघर आली. ती काढायचं काम तृप्तीनं कॉम्प्युटरला लावलं आणि घरी गेली. जुनाट डबा, रात्रभर चालणारच होता. आणि साफ केलेलं गाणं डिस्कवर ऐन लिहिता लिहिता मामानं त्याला झोपवला.

"मग परत गाईन ना ती," मामा म्हणाला.

तेवढ्यात रंजिताच आली, गळ्याला मफलर, तोंडातून आवाजच नाही. रेकॉर्डिंग झालं म्हणून खुशीत बर्फाचा गोळा खाल्ला, वरून रात्रभर गरब्यात किंचाळली. "तृप्ते," ती नुसती वाऱ्यासारखी कुजबुजली, "बाबा पण येऊन राह्यले. अख्खी पिकअप भरून."

आता हे बाबा, म्हणजे यादवकाका. रंजिता केळीत काम करताना गाते तेव्हा हे बांधावरून म्हणतात, "गा, गा, रानडुकरं तरी पळतील." जन्मभर एवढंच कौतुक. मनकर्णामावशीनं त्यांना यंदा हट्टानं तयार केलं होतं की एकदा तरी पोरीला भोंग्यावर ऐका. आणि पोरीकडे आवाज नाही, आणि आवाज होता तो कॉम्प्युटरमध्ये झोपलेला.

आत काय उरलंय ते पाहायला तृप्तीनं कॉम्प्युटरमधली डिस्क काढायला हात पुढे केला.

"थांब," मामा म्हणाला. "आज अवजाराला कामाला लावायचं नाही. दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय नाही. आमच्या बापानं कधी लावलं नाही."

बाप म्हणजे उखर्डूआबा, ज्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, 'उखर्डू साउंड'. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नावही तसंच ठेवलं, की असल्या पोराला कोणाची नजर लागू नये, यमालाही न्यावंसं वाटू नये. आणि आबा जगले ते असे जगले की म्हातारपणी माईकशिवाय अख्खा बाजार हलवायचे.

"आणि मंडपात लावलेला आपला साउंड सेट? तो तर चालूच आहे," तृप्ती म्हणाली.

"तो देवीच्या ड्यूटीवर आहे. त्याची गोष्ट वेगळी."

तोवर धर्मेंद्र आला, मंडळाचा कार्यकर्ता, गाणं न्यायला. ऐकून त्याचं तोंडच उतरलं, पण गडी सल्ला द्यायला तयार. "अबे, एक कमांड आहे दुरुस्तीची. व्हिडिओत पाहिली मी. ती मारायची, ती जे विचारेल त्याला यस म्हणायचं, बस. डिस्क खुदच ठीक होते."

खरं सांगू, तृप्तीचं बोट शिवशिवलं. पण मामा मध्ये पडला. "दुरुस्ती म्हणजे कामच ना? नाही. नुसतं पाहायचं असंल तं पाह्य."

आणि 'नुसतं पाहायचं' म्हटल्यावर तृप्तीच्या डोक्यात लाईट पेटला. कॉलेजात मॅडमनी डीबगएफएस म्हणून एक कमांड शिकवली होती. ती डिस्कच्या पोटात शिरून सगळं बघू देते, पण आपण मुद्दाम परवानगी मागितल्याशिवाय एक अक्षर लिहू देत नाही.

"मामा, दुरुस्त नाही करत. फक्त नाडी पाहते."

"लिहिणार नाही?"

"टिंब पण नाही."

"मी बाजूला बसतो," मामा म्हणाला, आणि खरंच स्टूल ओढून पहारेकऱ्यासारखा बसला.

डिस्क बाहेर काढताच मामानं तिलाही कुंकू लावलं, पुसायला मनाई केली, म्हणून तशीच कुंकवाची डिस्क केबलनं तृप्तीच्या लॅपटॉपला जोडली. नेहमीसारखी उघडून पाहिली तर उघडेना. डिस्कच्या सुरुवातीला एक पान असतं, आत काय कुठे आहे त्याचा नकाशा. तेच पान बिघडलेलं. धर्मेंद्र म्हणाला, "गेलं." रंजितानं मफलर तोंडात कोंबला.

"गेलं नाही," तृप्ती म्हणाली. "डिस्क हुशार असते, त्या पानाच्या नकला आत ठिकठिकाणी ठेवते." तिनं कमांडमध्ये नकलेचा पत्ता टाकला आणि एंटर मारलं.

"हे लिहिलं तू," मामा लगेच.

"मामा, हे विचारलं. लिहिलं नाही."

आणि डिस्कनं दार उघडलं. फोल्डर दिसायला लागले. आरत्या होत्या, मंडळाच्या घोषणा होत्या, मामानं साठवलेली जुनी भजनं होती. पण कालच्या फोल्डरमध्ये गेली तर आत नुसता कचरा, एक धड नाव नाही.

"आता?" रंजिता कुजबुजली.

"आता असं पाहा. फाईलचं नाव फोल्डरात लिहिलेलं असतं, पण फाईल राहते तिच्या नंबरावर. फोल्डर फाटला तर नाव जातं, नंबर नाही जात. शाळेत हजेरीपट फाटला म्हणून पोरगी बाकावरून उठून जाते का?"

"आपल्या वर्गातली ती पूजा तर जायची," धर्मेंद्र म्हणाला. "हजेरी असो की नसो."

तृप्तीनं परवाच्या आरतीचा नंबर काढला आणि त्याच्या पुढचा एकेक नंबर विचारत सुटली. हा रिकामा. हा पण रिकामा. याच्यात कायतरी बारकं, घोषणेचा तुकडा. पुढचा रिकामा. प्रत्येक एंटरला मामा मान वाकडी करून पाहणार, "विचारलंच ना?" आणि ही म्हणणार, "विचारलंच." रंजितानं डोळे मिटून घेतलेले, धर्मेंद्र नखं खातोय, आणि मग एका नंबरावर स्क्रीन भरून आली. भरपूर मोठी फाईल. वेळ आजचीच, पहाटेची.

मामानं वेळेवर बोट ठेवलं. "मी तवाच पिन काढली."

"म्हणजे तो लिहून उठलाच होता मामा. नाव लावायचं तेवढं राहिलं."

तिनं त्या नंबराची फाईल लॅपटॉपवर उतरवून घेतली. मामाची भुवई वर. "आता मात्र लिहिलं."

"माझ्या लॅपटॉपवर लिहिलं. तुमच्या डिस्कमधून नुसतं वाचलं. ती अजून झोपलेलीच आहे."

मामानं डिस्ककडे पाहिलं, कुंकू जागच्या जागी होतं. "बरं," तो म्हणाला. "वाजव."

आणि वाजलं ना यार. पंख्याची घरघर नाही, काही नाही, नुसता रंजिताचा आवाज, लख्ख, धुतल्यासारखा:

*केळीच्या बनात बसली माय,*
*तापीच्या पाण्यानं धुते पाय…*

मामानं स्टूल अजून पुढे ओढलं. रंजितानं हळूच डोळे उघडले. "मीच का वं ही?"

"नाही, रानडूकर," तृप्ती म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. त्यातल्या एकीच्या हसण्याला आवाजच नव्हता, म्हणून अजूनच हसल्या.

संध्याकाळी राजघाटावर ही गर्दी. पिकअप आली, अख्खं डोईफोडिया उतरलं. मनकर्णामावशी सगळ्यांत पुढे, यादवकाका सगळ्यांत मागे, कोणी ओढून आणल्यासारखे. पडदा सरकला. रंजिता हिरव्या लुगड्यात, मुकुट घालून, हात वर करून उभी. बोलायचं नाही, हलायचं नाही, देवीला ते बरंच सोपं. धर्मेंद्रनं गाणं सोडलं आणि भोंग्यातून ते तापीवर पसरलं, पलीकडच्या काठापर्यंत.

तृप्ती यादवकाकांकडेच बघत होती. काका पहिल्या ओळीला इकडेतिकडे पाहत होते. दुसऱ्या ओळीला टोपी काढली. मग गर्दीतून वाट काढत सरळ धर्मेंद्रच्या टेबलाशी आले.

"परत लाव," ते म्हणाले.

"काका, अजून संपलं नाही."

"संपल्यावर परत लाव."

तीनदा लागलं. तिसऱ्यांदा देवीचा हात भरून आला, तरी तिनं खाली घेतला नाही. पडदा पडल्यावर काका मागे गेले, मुकुट घातलेल्या पोरीसमोर उभे राहिले, टोपी परत डोक्यावर घातली. म्हणाले, "आता शेतात गाऊ नको तू. डुकरं जायचीच नाही, ऐकत बसतीन."

रंजिता हसली आणि त्याच वेळी तिचं काजळ खाली ओघळलं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली, मामानं कॉम्प्युटरवर आपट्याचं पान ठेवलं आणि हात झाडून म्हणाला, "आता लिही काय लिहायचं ते."

तृप्तीनं आधी डिस्कचं बिघडलेलं पान दुरुस्त केलं. मग पुन्हा डीबगएफएस उघडलं, या वेळी लिहायची परवानगी मागून, आणि तो बिननावाचा नंबर शोधून काढला. फोल्डरमध्ये त्याला नाव द्यायचं होतं. कर्सर लुकलुकत होता. डोईफोडियाची मंडळी अजून गेली नव्हती, सगळे वाकून बघत होते.

"देवीगीत लिही," मावशी म्हणाली.

"रंजिता लिही," धर्मेंद्र म्हणाला.

मामानं नाही म्हणून मान हलवली. "मरता मरता वाचलेलं लेकरू आहे हे. याचं नाव मी ठेवणार."

"काय ठेवू मामा?"

"उखर्डू."

तृप्तीनं लिहिलं, एंटर मारलं, आणि फोल्डरमध्ये, आरत्यांच्या शेजारी, उखर्डू जाऊन बसला.

"आता याला कोणाची नजर लागत नाही," मामा म्हणाला. "लाव एकदा. जोरात."